कुलूपबंद डेटा, उघडा हिशेब

आरोग्य खात्यात काम करणाऱ्या कुणालाही ‘लाइन लिस्ट’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एक्सेलची फाइल, एका ओळीत एक माणूस. नाव, वय, गाव, मोबाइल नंबर. गरोदर बाई असेल तर कितवा महिना, हिमोग्लोबिन किती, आधीची बाळंतपणं किती, आधी मूल गेलं होतं का. ही फाइल उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते, तिथून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला आणि पुढे वर. जाते ती पुष्कळदा व्हॉट्सॲपवरून, कारण वरचा निरोपही तिथेच आलेला असतो: ‘माहिती आजच सादर करावी, अतितात्काळ.’ प्रत्येक टप्प्यावर तिची एक प्रत मागे राहते. कुणाच्या फोनमध्ये, तालुक्याच्या संगणकावर, एखाद्या पेन ड्राइव्हमध्ये, आणि बदली होऊन गेलेली माणसं अजून ज्यात आहेत अशा ग्रुपमध्ये. महिन्याभराने ‘फायनल’, ‘फायनल सुधारित’ आणि ‘फायनल सुधारित २’ अशा तीन फाइली फिरत असतात आणि आढावा बैठकीत एकाच गोष्टीचे तीन आकडे समोर येतात.

यात फाइल पाठवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. संध्याकाळपर्यंत माहिती द्यायची आहे आणि हातात दुसरं साधन नाही, मग तो करणार काय? साधन द्यायला हवं, आणि ते कसं असावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. लोकांच्या आरोग्याच्या नोंदी एका सुरक्षित जागी राहाव्यात. जिल्ह्याचा अधिकारी असो, विद्यापीठातली संशोधक असो की स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता असो, ज्याला त्या नोंदींवर काम करायचं आहे त्याने त्या जागी येऊन काम करावं. नोंदी बाहेर जाऊ नयेत. कुणी कोणता प्रश्न विचारला आणि उत्तर कसं काढलं, ते मात्र सगळ्यांना बघता यावं.

‘नावं काढून फाइल दिली की झालं, एवढा खटाटोप कशाला?’ असं यावर हमखास विचारलं जातं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने नव्वदच्या दशकात नेमकं हेच केलं होतं. राज्य कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी नाव-पत्ता काढून संशोधकांना दिल्या, आणि कुणाचीही ओळख उघड होणार नाही अशी ग्वाही तिथले गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली. लटानिया स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नरांच्या जन्मतारखेची माणसं शहरात सहा, त्यातले पुरुष तीन, त्यांच्या पिनकोडचा एकच. खुद्द गव्हर्नरांच्याच आजारपणाच्या नोंदी हाती आल्या.

आपल्याकडे मतदारयादी विकतही घ्यावी लागत नाही. नाव, वय, लिंग, घर क्रमांक असं सगळं यादी भागानुसार संकेतस्थळावर असतं. आता हजार-बाराशे वस्तीचं गाव डोळ्यांपुढे आणा आणि ही ओळ वाचा: स्त्री, वय ३४, चौथं बाळंतपण, क्षयरोगाचे उपचार चालू. यात नाव नाही, पण ही कोण हे ओळखायला त्या गावातल्या माणसाला मतदारयादीचीसुद्धा गरज नाही. तिच्या घरचं दूध घेणं बंद होईल, उद्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरताना विषय निघेल. एचआयव्हीबाधितांच्या नोंदी गुप्त ठेवण्याची तरतूद २०१७च्या कायद्यात आहे ती याच भीतीपोटी. मार्च २०२० मध्ये कर्नाटक सरकारने बंगळुरूत गृहविलगीकरणात असलेल्या हजारो लोकांचे पत्ते संकेतस्थळावर टाकले होते. हेतू दक्षतेचा असेल, पण त्या घरांकडे शेजाऱ्यांनी कसं पाहिलं असेल याची कल्पना ते दिवस अनुभवलेल्या कुणालाही येईल.

फिरत्या फाइलींचा दुसरा धोका चुकांचा आहे, आणि तो श्रीमंत देशांनाही चुकलेला नाही. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात कोविडचे १५,८४१ रुग्ण सरकारी मोजणीतून गळाले. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली पब्लिक हेल्थ इंग्लंडमध्ये एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात भरल्या जात होत्या. त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते, आणि एकेका रुग्णाच्या अनेक ओळी होत्या. फाइल भरली आणि पुढचे रुग्ण कुठलीही सूचना न येता नाहीसे झाले. त्यांना स्वतःचा अहवाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कातल्या माणसांना वेळेवर गाठता आलं नाही, आणि साथीत तर दिवसांचाच हिशेब असतो. एक फाइल, एकच वाट, आणि वाटेत आकड्यांची गोळाबेरीज पडताळणारं कुणी नाही, असं जिथे असेल तिथे हे होऊ शकतं.

आता याची उलटी बाजू. त्याच वर्षी मे महिन्यात ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दलचा एक लेख आला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण आणि निष्कर्ष असा की या औषधाने मृत्यू वाढतात. आपल्याकडे आयसीएमआरने हेच औषध प्रतिबंधासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना सुचवलेलं होतं, त्यामुळे तो लेख आपल्याही जिव्हाळ्याचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचण्यांतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग शंका येऊ लागल्या. ऑस्ट्रेलियातले म्हणून दिलेले मृत्यू तिथल्या सरकारी आकड्यांशी जुळेनात. डेटा सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीकडे होता. तपासनीसांनी मागितला तेव्हा करारांचं आणि गोपनीयतेचं कारण देऊन तिने तो दिला नाही, आणि ४ जूनला लेख मागे घेण्यात आला. डेटा कुलपात होता हे बरोबरच होतं. पण कुलपाच्या आत जाऊन हिशेब पडताळायची सोय बाहेरच्या एकाही माणसाला नव्हती. साऱ्या जगाच्या उपचारांवर परिणाम करणारं संशोधन एका कंपनीच्या शब्दावर उभं राहिलं.

म्हणजे सगळ्यांना वाटून टाकलेला डेटाही नको आणि एकाच्याच मुठीतला डेटाही नको. यातून वाट निघते, आणि ती त्याच साथीत इंग्लंडमध्येच काढली गेली. म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

ऑक्सफर्ड विद्यापीठातले डॉ. बेन गोल्डेकर आणि लंडन स्कूल ऑफ हायजीनमधले त्यांचे सहकारी यांनी २०२०च्या वसंतात ‘ओपनसेफली’ नावाचा मंच उभा केला. इंग्लंडमध्ये प्रत्येक माणसाची नोंद त्याच्या फॅमिली डॉक्टरकडे असते आणि बहुतेक डॉक्टरांचं सॉफ्टवेअर टीपीपी किंवा ईएमआयएस या दोन कंपन्यांपैकी एकीचं असतं. जुनी पद्धत अशी की संशोधकाने परवानगी मागायची, कंपनीने नोंदींची प्रत काढून द्यायची आणि ती विद्यापीठाच्या संगणकावर उतरवून घ्यायची. ओपनसेफलीने ठरवलं की नोंदी आहेत त्याच डेटा सेंटरमध्ये राहतील, एकही ओळ बाहेर येणार नाही.

मग काम कसं होतं? समजा, मधुमेह असलेल्यांना कोविडचा धोका किती, हे मला बघायचं आहे. मला खऱ्या रुग्णांची एकही नोंद दिसत नाही. मला मिळतो तो बनावट डेटा, खऱ्यासारखे रकाने असलेला पण यंत्राने भरलेला. त्यावर मी माझा प्रोग्रॅम लिहितो: कोण मधुमेही धरायचा, वयाचे गट कसे पाडायचे, कुठली तारीख सुरुवातीची मानायची. प्रोग्रॅम चालतो अशी खात्री झाली की तो मंचाकडे द्यायचा. मंच तो आत नेऊन खऱ्या नोंदींवर चालवतो. येणारी उत्तरं, म्हणजे तक्ते आणि आलेख, आधी आतच थांबतात. प्रशिक्षित तपासनीस ती बघतात आणि त्यांनी मान्य केल्यावरच ती बाहेर पडतात. कुणी, कधी, कोणता प्रोग्रॅम चालवला याची नोंद संकेतस्थळावर जाहीर होते आणि प्रोग्रॅमही प्रसिद्ध होतो. माझी चूक असेल तर पुण्यात बसलेली एखादी विद्यार्थिनीही ती दाखवू शकते.

तपासनीस काय बघतात, हे समजून घेण्यासारखं आहे. सात किंवा त्याहून लहान संख्या तक्त्यात असेल तर ती झाकली जाते, आणि उरलेल्या संख्या जवळच्या पाचाच्या पटीत नेल्या जातात. आधी वाटतं की दुसऱ्या नियमाची गरज काय? तालुक्याची बेरीज १२ आहे असं एका तक्त्यात छापलं आणि एक गाव वगळून उरलेल्या गावांची ११ असं दुसऱ्यात, तर वजाबाकी पहिलीतलं पोरही करेल, आणि त्या गावातला एक माणूस उघडा पडेल. दोन्ही तक्ते वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या लोकांनी काढलेले असले तरी हे होतं. आपल्या जिल्हा अहवालांत गावनिहाय ‘१’, ‘२’ असे आकडे सर्रास छापलेले असतात, आणि ते छापताना हा विचार झाल्याचं दिसत नाही.

एवढ्या बंधनांत काम सावकाश होत असेल असं वाटेल. प्रत्यक्षात काही आठवड्यांत हा मंच चालू झाला, आणि जुलै २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये १ कोटी ७२ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरचा अभ्यास छापून आला. गरीब वस्त्यांतल्या, कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना कोविडने मृत्यूचा धोका जास्त आहे, आणि केवळ त्यांच्या इतर आजारांनी त्याचा पूर्ण उलगडा होत नाही, हे त्यातून पुढे आलं. ब्रिटनमधल्या आपल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू होतं. परवानग्यांच्या फेऱ्यांत आणि प्रती काढण्यात अडकून इतक्या मोठ्या संख्येवर इतक्या लवकर कुणी पोचलं नसतं. कुलूप पक्कं असल्यामुळेच दार मोठं उघडता आलं.

ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. इतिहास संशोधक तिथे जातात, मोडी वाचतात, टिपणं काढतात, आणि कागद जिथल्या तिथे राहतो. म्हणून तर एकाने लावलेला अर्थ दुसरा त्याच कागदापाशी जाऊन तपासू शकतो.

आता आपल्याकडच्या दुसऱ्या सवयीबद्दल, जी मला व्हॉट्सॲपच्या सवयीपेक्षाही जास्त सलते. जी फाइल दहा ग्रुपांमध्ये फिरलेली असते, तीच एखाद्या संशोधकाने रीतसर अर्ज करून मागितली की ‘गोपनीय’ होते. आकडे अडचणीचे असले तर हमखास. महाराष्ट्राने याची किंमत मोजलेली आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ने आणि इतर संस्थांनी गावोगाव बालमृत्यू मोजले तेव्हा सरकारी नोंदीत कितीतरी मृत्यू येतच नाहीत हे उघड झालं. सरकारबाहेरच्या लोकांनी मोजलं, म्हणून ती मुलं हिशेबात आली. पण दर वेळी कुणी अशी स्वतंत्र मोजणी करायची? सरकारच्याच नोंदी बाहेरच्या डोळ्यांनी तपासता आल्या, तर कुठल्या तालुक्यात जन्म नोंदले जातात पण मृत्यू जवळजवळ नाहीतच, हे काही दिवसांत कळेल.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच जागी मला काळजीचा वाटतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितलं, त्यानंतर असा कायदा येणं आवश्यकच होतं, आणि अडीचशे कोटींपर्यंतच्या दंडाने कंपन्या थोड्या सावध होतील हेही चांगलं. पण याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं. व्यापक सार्वजनिक हितासाठी अशी माहिती देता येईल ही त्या कलमातली सवलत काढून टाकली. आता तो आधार कायद्यातल्या दुसऱ्या एका उपकलमात शोधावा लागतो. नकार लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचं काम सोपं झालं. संशोधन आणि सांख्यिकी यांसाठी कायद्यात सूट आहे, पण ठरवलेले निकष पाळले तरच. ते निकष प्रत्यक्षात पाळून दाखवता येतील अशी जागाच नसेल, तर कुठलाही अधिकारी जोखीम का घेईल? सुरक्षित मंच असेल, तर ‘देता येत नाही’ या उत्तरावर ‘द्यायचं नाहीच आहे, आम्ही येऊन बघतो’ असं म्हणता येईल.

मंच कुणाचा, हा प्रश्न मात्र सोडून चालणार नाही. चकचकीत डॅशबोर्ड दाखवून जिल्हाधिकाऱ्यांना खूश करणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्येसुद्धा आरोग्यसेवेच्या मोठ्या डेटा मंचाचं सात वर्षांचं, ३३ कोटी पौंडांचं कंत्राट २०२३ मध्ये पॅलँटिर या अमेरिकी कंपनीला गेलं आणि त्यावर डॉक्टर आणि नागरिक संघटनांनी मोठा आवाज उठवला. त्याआधी ‘केअर डॉट डेटा’ ही योजना लोकांना नीट विश्वासात न घेता रेटायचा प्रयत्न झाला. ती २०१४ मध्ये थांबवावी लागली आणि २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. लोकांना पत्रकं पाठवली होती, पण आपली नोंद कोण बघणार याचं सरळ उत्तर त्यांना मिळालं नव्हतं.

परक्या घरात राहिल्याचा फटका आपल्यालाही बसला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते ती मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. आपल्या देशातल्या लाखो घरांत जाऊन, आपल्या बायांना प्रश्न विचारून, रक्ताचे थेंब घेऊन जमवलेला डेटा. पण त्यातल्या एकेका घराच्या पातळीवरच्या नोंदी जगभरचे आणि भारतातलेही संशोधक वर्षानुवर्षे घेत आले ते अमेरिकी सरकारच्या पैशावर चाललेल्या डीएचएस प्रोग्रॅम या अनेक देशांतल्या आरोग्य सर्वेक्षणांच्या कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत आखडली, तो कार्यक्रम थांबला आणि नव्याने डेटा मागणाऱ्यांना दार बंद झालं. त्या कार्यक्रमाने काम उत्तम केलं होतं. ठिकाण ओळखू येऊ नये म्हणून शहरी वस्तीचा नकाशावरचा बिंदू दोन किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण वस्तीचा सहसा पाच किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवायचा, ही काळजी त्यांनीच घेतली. पण आपल्या गावांच्या आजारपणाचा अभ्यास वॉशिंग्टनमधल्या एका निर्णयाने अडावा, हे मला मान्य नाही.

म्हणून मंच सार्वजनिक मालकीचा हवा आणि त्याचं सॉफ्टवेअर खुलं हवं. क्षमता नाही असं कुणी म्हणू नये. सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ पासून पुण्यात आहे, परम महासंगणक तिथेच घडला. लोकसंख्येचे अभ्यासक देवनारला आहेत, अर्थशास्त्राचे गोखले संस्थेत आहेत. आर, पायथन, ज्युपिटर ही विश्लेषणाची साधनं फुकट आहेत आणि आपली मुलं ती महाविद्यालयातच शिकतात. खर्च येईल तो सर्व्हरपेक्षा माणसांवर. उत्तरं तपासणारे लोक लागतील, आणि हे काम कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरच्या माथी मारून होणार नाही. त्यासाठी कायम पदं, नीट प्रशिक्षण आणि वरिष्ठाला ‘हा तक्ता बाहेर जाणार नाही’ असं सांगायचा अधिकार लागेल. आपल्याकडे सगळ्यात कठीण हेच आहे, असं मला वाटतं. यंत्रं विकत मिळतात, पण नाही म्हणणाऱ्या कनिष्ठाला संरक्षण देणं शासन निर्णयाशिवाय होत नाही.

सगळं एका जागी ठेवलं तर चोराला एकच घर फोडावं लागेल, हा आक्षेप खरा आहे. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर मोबाइल नंबर टाकला की लसीकरणाच्या नोंदीतले तपशील समोर येत होते. कोविन हे लसीकरणाचं सरकारी पोर्टल थेट फुटल्याचं सरकारने नाकारलं, पण लोकांचे ओळखपत्रांचे क्रमांक तर बाहेर दिसलेच. म्हणून सगळ्या राज्याची एकच मोठी कोठी करावी असं मी म्हणत नाही. ओपनसेफलीनेही दोन कंपन्यांकडचे साठे एकत्र केले नाहीत, प्रोग्रॅमच दोन्हीकडे पाठवला. मातामृत्यू, क्षयरोग, कुपोषण यांचे साठे वेगवेगळे राहू द्या, फक्त आत यायची रीत एक ठेवा. शिवाय आजची स्थिती तरी काय आहे? हजार फोनांमध्ये हजार प्रती आहेत, आणि त्यातली कुठली फुटली हे कळायचीही सोय नाही. मंचात निदान कोण आत आलं याची नोंद राहते.

आणखी एक मर्यादा आहे. नोंदच खोटी असेल तर कितीही पक्क्या खोलीत बसून केलेला हिशेब खोटाच येणार. वजनकाटा बिघडलेला असताना अंदाजाने भरलेलं मुलाचं वजन मंच दुरुस्त करणार नाही. पण एकाच केंद्रातल्या साठ मुलांची वजनं पूर्ण किलोतच का आहेत, हे तिथे काम करणाऱ्या चार जणांपैकी एकाला तरी दिसेल, आणि दिसलं तर नवा काटा मागता येईल. आज त्या आशाताईने आणि अंगणवाडी सेविकेने भरलेली माहिती वर जाते, खाली परत काहीच येत नाही. आपल्या गावांचे तक्ते त्यांना त्याच मंचावर बघता आले, तर रकाना भरण्याला त्यांच्या लेखीही अर्थ येईल.

सुरुवात लहान असावी. एक महसुली विभाग घ्यावा, विदर्भातला घेतला तर उत्तम, आणि तिथला फक्त मातामृत्यूंच्या अन्वेषणाचा डेटा. संख्या थोडी, प्रत्येक नोंद नाजूक, आणि प्रश्न निकडीचा: बाईला दवाखान्यात पोचायला उशीर झाला, की पोचल्यावर उपचाराला? खात्याची एक तुकडी, एका वैद्यकीय महाविद्यालयाची एक आणि एका स्वयंसेवी संस्थेची एक, अशा तिघांनी त्याच खोलीत, त्याच नोंदींवर, आपापला प्रोग्रॅम चालवावा. उत्तरं दोन तपासनीसांनी बघून सोडावीत, आणि कुणी काय विचारलं याची यादी पहिल्या दिवसापासून मराठीत, संकेतस्थळावर, कुणालाही वाचता येईल अशी ठेवावी. तिन्ही तुकड्यांची उत्तरं वेगळी आली तर तीही तशीच छापावीत, आणि का वेगळी आली याची चर्चा जिल्हा परिषदेच्या सभेत व्हावी. त्याच दिवशी, त्या विभागापुरतं, मातामृत्यूंची फाइल व्हॉट्सॲपवर मागवणं बंद केल्याचं परिपत्रक निघावं.